मूठभर भुसकट आणि आठ पावलं

फोन वाजला तेव्हा मी कढीपत्त्याची पानं खुडत होते. शांतावहिनी कधी स्वतः फोन लावत नाहीत. नातवाकडून लावून घेतात आणि मग तो कानापासून हातभर लांब धरून ओरडतात, जणू मी अजून शेताच्या पलीकडच्या बांधावरच उभी आहे. त्या सकाळी त्या ओरडल्या नाहीत. "वन्सं... तुमचे दादा गेले," एवढंच म्हणाल्या. मी विचारू नये तेच विचारलं, "कसे?" त्या म्हणाल्या, "च्या ठेवला म्या, उठवाया गेले, तर हात गार." माझ्या हातात कढीपत्त्याची काडी तशीच होती.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. लिहायला बसते आणि उठते. सगळी नोकरी मी पोरांना निबंध लिहायला लावण्यात घालवली, न लिहिणाऱ्यांना बाकावर उभं केलं, आणि आता स्वतःवर वेळ आली तर पाणी पिऊन येते म्हणून वर्गाबाहेर पळणाऱ्या पोरासारखी गत झाली आहे. कारण साधं आहे. लिंबादादांबद्दल लिहायचं तर एक गोष्ट लिहावी लागते, जी मी चाळीस वर्षं कुणाला सांगितलेली नव्हती. दादांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. तो तसा का झाला हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, असं सगळ्यांना वाटतं. 'फौजी माणूस, पतंगाच्या नादानं हात मोडून घेतला' असं लोक आजही म्हणतात, पुण्यानुमोदनालाही दोघं जण म्हणाले. मी तिथंच बसले होते आणि गप्प राहिले.

लिंबादादा माझे चुलतभाऊ, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. आमचं गाव नळदुर्गच्या अलीकडं, हमरस्त्यापासून आत. आमच्या गल्लीतून फौजेत गेलेला हा पहिला माणूस. ट्रक चालवायला होते. बर्फाच्या मुलखात राहिले आणि डाव्या पायाची दोन बोटं तिथंच ठेवून परत आले. ज्या गावात गारा पडल्या तरी लोक भांडी घेऊन बाहेर धावतात, तिथं दादा पुरुषभर उंचीच्या बर्फाच्या गोष्टी सांगायचे. लोक मान डोलवायचे आणि पाठ वळली की हसायचे. त्यातली एक गोष्ट मात्र ते फक्त मला सांगायचे, कारण मी हसत नव्हते. "एक सायब व्हता, सुमे. पायाला ह्या अशा लांब पट्ट्या बांधलेल्या, हातात दोन मुठी, आन वर आभाळात ही एवढी रंगीत गादी वाऱ्यानं फुगलेली. ना इंजन, ना घोडा. बर्फावरनं असा गेला... असा गेला..." पुढं त्यांना शब्द सापडायचा नाही. ते नुसता हात लांब करून दाखवायचे. तेव्हा तो हात वर जायचा.

ते परतले त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पाऊस रुसला आणि मग रुसूनच बसला. गावाचा तलाव आटला. आधी काठ उघडे पडले, मग मधला चिखल, आणि उन्हाळ्याअखेर तो सगळा तळ एखाद्या सारवलेल्या अंगणासारखा टणक आणि सपाट झाला. पुढच्या आषाढात ढग आले नाहीत, वारा तेवढा आला. पश्चिमेकडून दिवसभर नुसता कोरडा वारा, तोंडात धूळ, दारं आपटतात, बायका पदर दातात धरून हापशापुढं रांगेत उभ्या. सगळं गाव त्या वाऱ्याला शिव्या देत होतं. दादा तलावाच्या काठी उभे राहून त्याच्याकडं असे बघायचे, जसा एखादा गडी बाजारात फुकट सुटलेल्या खोंडाकडं बघेल.

त्या साहेबाच्या गादीसारखा, आटलेल्या तळावर गाडी ओढून नेणारा पतंग करायला पॅराशूटचं टाकाऊ कापड त्यांनी ओळखीच्या ट्रकवाल्याकडून हैदराबादच्या जुन्या बाजारातून मागवलं. शांतावहिनींनी ते मशीनवर शिवलं. उशीचे अभ्रे एकाला एक जोडून ओळीनं शिवावेत आणि सगळ्यांची तोंडं एका बाजूनं उघडी ठेवावीत, तसे कप्पे. त्या उघड्या तोंडांतून वारा आत शिरला की कापड फुगून टणक व्हायचं, काडी नाही, कामटी नाही. खाली चार दोऱ्या, दोन ओढायच्या आणि दोन आवरायच्या, आणि हातात धरायला मुठी म्हणून जुवाच्या दोन जुन्या शिवळा, बैलाच्या मानेलगतच्या त्या लाकडी खुंट्या, कारण जू होतं आणि बैल नव्हते. गावातली झाडून सगळी बैलं चारा छावणीत गेली होती. हातगाड्याची दोन चाकं मागं, सायकलचं एक पुढं, मधे फळी, अशी गाडी झाली. पतंग एक नाही, तीन शिवले. पहिला फसला की दुसरा, असं नव्हतं ते. वारा रोज निराळा, तर पतंगही निराळा हवा, हे दादांनी त्या साहेबाकडं बघूनच ओळखलं होतं. तीन पतंगांना आम्ही थोरला, मधला, धाकटा म्हणायचो. थोरला मंद वाऱ्यासाठी, धाकटा जोरकस वाऱ्यासाठी. लोकांना हे उलटं वाटायचं. वारा मोठा तर पतंगही मोठा पाहिजे ना? दादा समजावून दमले.

पण वारा किती आहे हे कळायचं कसं? फौजेत त्याला यंत्र असतं म्हणे. आमच्याकडं माझी आई होती. उपणायला आईसारखी बाई पंचक्रोशीत नव्हती. खळ्यावर तिवईवर, तीन पायांच्या उंच घडवंचीवर, उभी राहून ती पाटी डोक्याच्या वर धरायची, दाणे सरळ खाली आणि भुसकट बाजूला, आणि ढीग कधी एकमेकांत मिसळायचे नाहीत. कुठल्या वाऱ्याला पाटी किती तिरकी करायची हे तिच्या मनगटाला ठाऊक होतं. त्या दोन वर्षांत उपणायला काही पिकलंच नाही. आई सकाळी रोजगार हमीवर खडी फोडायला जायची आणि तिवई भिंतीला उलटी टेकून पडलेली. दादा एक दिवस आले आणि म्हणाले, "चुलते, तिवई घे आन तलावावर चल. वारा सांग मला." आई आधी चिडली. मग पोत्याच्या तळाशी राहिलेलं जुन्या ज्वारीचं भुसकट घेऊन निघाली. तिवईवर चढली, हात वर केला, मूठ उघडली, आणि भुसकटाचा मोठा भाग कुठं पडला ते दादांनी पावलांनी मोजलं. असं महिनाभर चाललं. मूठ उघडायची, पावलं मोजायची, पतंग लावायचा, काय होतं ते बघायचं. शेवटी जे ठरलं ते दादांनी त्यांच्या खोलीच्या दाराला आतून निळ्या ऑइलपेंटनं लिहून टाकलं: 'तीन पावलं, थोरला. पाच पावलं, मधला. सात पावलं, धाकटा. त्याच्या म्होरं, घरी.' खाली आणखी एक ओळ: 'पोत्याहून हलकं माणूस, एक पायरी खाली.' ही ओळ माझ्यासाठी होती, मी हलकी म्हणून एक नंबर लहान पतंग. दूध संस्थेच्या काट्यावर एका पारड्यात पेंडीचं पोतं ठेवून दुसऱ्यात त्यांनी मला बसवलं होतं आणि पोतं जागचं हललंसुद्धा नव्हतं.

मी तेव्हा डी.एड. होऊन घरी बसले होते, नेमणुकीची वाट बघत. दादांनी मला पतंग शिकवला. आधी गाडी नाही, नुसतं जमिनीवर टाचा रोवून उभं राहायचं. बांध नेहमी लांब ठेवायचा, कारण तलावाच्या पूर्वेला दगडांनी बांधलेला बांध होता आणि वारा सगळा तिकडंच ओढून न्यायचा. आणि एक गोष्ट त्यांनी पहिल्या दिवशी दहा वेळा सांगितली. जोर आवरेना झाला की मुठी सोडायच्या. मनगटाला बांधलेली बारीक दोरी आवरायच्या दोऱ्यांना जोडलेली होती. मुठी सुटल्या की पतंग गपकन मिटून खाली पडायचा. इतकं सोपं, आणि मला तेच जमेना. लहानपणापासून वडिलांच्या गाडीत बसलेली मी, बैल उधळले तरी कासरा सोडायचा नाही हे अंगात भिनलेलं. पहिल्याच आठवड्यात जोराचा वारा आला आणि मी मुठी आणखी घट्ट धरल्या. पोटावर पडून वीस हात फरफटत गेले. दादा धावत आले, माझी कोपरं बघितली आणि असे ओरडले की मला रडू आलं. "त्यो बैल न्हाय, सुमे! बैल थकून उभा ऱ्हातो. वारा थकत न्हाय. सोडायचं म्हंजी सोडायचं!" मग तिथंच मातीत बसून त्यांनी माझी कोपरं आपल्या धोतरानं पुसली.

आता तो पोळा.

त्या वर्षी गावात पोळ्याला बैल नव्हते. धम्मदीक्षेनंतर आमच्या गल्लीनं बरेच सण सोडले, पण पोळा राहिला होता. बैलाला कुठला धर्म विचारायचा? वेशीतून बैलं निघायची त्याचा क्रम मात्र पक्का होता. आधी वरच्या आळीची, मग बाकीची, आणि आमच्या गल्लीची सगळ्यात शेवटी, उडालेली धूळ खाली बसल्यावर. त्याबद्दल कुणी भांडायचं नाही, कुणी बोलायचं नाही, ते तसंच होतं. त्या वर्षी रिकाम्या गोठ्यांकडं बघून माणसं सकाळपासून कडू झाली होती. कुणाच्या डोक्यात आलं कोण जाणे, पण दुपारी वरच्या आळीचे अण्णा स्वतः दादांकडं आले आणि म्हणाले, "लिंबा, यंदा बैल न्हायती. तुजी गाडी काढ. तेवढाच पोळा." दादांनी हो म्हणायला वेळ लावला. त्यांना सोमवारची काळजी होती. दूध संस्थेची नवी गाडी यायची होती आणि ती चालवायला दादांचं नाव संचालकांनी नक्की केलं होतं. सोमवारी हजर व्हायचं होतं. कायमची नोकरी, आमच्या गल्लीतल्या माणसाला, संस्थेत... असं आधी झालं नव्हतं. शांतावहिनी तर नको म्हणत होत्या. मीच मागं लागले. "दादा, एकदा आपली गाडी सगळ्यांच्या म्होरं जाऊ द्या की." ते माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "वारा बघू. वारा व्हय म्हणला तर."

तासाभरात सगळं गाव तलावात जमलं. गाडीला गेरू फासला, पुढच्या चाकाला गोंडा बांधला. तोरण बांबूंना बांधलं असतं तर दोऱ्या अडकल्या असत्या, म्हणून ते जमिनीवरच आडवं अंथरलं. आई तापानं पडून होती. तिनं भुसकटाची पिशवी माझ्या हातात दिली आणि अंथरुणातूनच म्हणाली, "जितकी पावलं पडतील तितकीच सांग." दादा शंभर हातांवर दोऱ्या पसरत होते. मी तिवईवर चढले. वारा कानात वाजत होता. मागं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "आज त्यो रुमाल नगं काढू म्हणावं! रुमाल माज्या खिशात बी हाय!" रुमाल म्हणजे धाकटा. सगळे हसले, आमच्या गल्लीतलेसुद्धा. माझे कान तापले. मी मूठ उघडली.

भुसकट मुठीतून असं गेलं, जसं कुणी हिसकून नेलं. मी खाली उतरले आणि पावलं टाकत गेले. पाच. सहा. सात. आठव्या पावलावर ते पिवळट भुसकट पसरलं होतं. दारावर लिहिलेलं मला पाठ होतं. आठ म्हणजे घरी. गाडी परत, तोरण परत, सगळं गाव परत, आणि पुढच्या पोळ्याला पुन्हा शेवटी, धुळीच्या मागं. मी वळून बघितलं. दादा पाठमोरे वाकलेले होते. मी पायानं ते भुसकट मातीत पुसलं, मागं येऊन पाचव्या पावलावर टाचेनं रेघ ओढली आणि ओरडले, "दादा, पाच!"

सात म्हणाले असते तरी एक वेळ... पण सात म्हणजे रुमाल.

दादांनी विचारलंही नाही. आईनं पाच म्हणलं की पाच, तसं मी पाच म्हणलं की पाच. त्यांनी मधला काढला. फळीवर बसले, गोंडा सरळ केला, लोकांकडं बघून हसले. मधला फुगला तेव्हा गोणपाट झटकल्यासारखा आवाज झाला आणि गाडी एकदम सुटली. तोरणावरून ती कशी गेली ते कुणाला नीट दिसलंही नसेल. गावानं एकच आरोळी ठोकली. माझ्या आयुष्यात आमच्या गल्लीतल्या माणसासाठी वरच्या आळीनं ओरडलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मीही ओरडत होते. मग गाडी सरळ जायच्या ऐवजी तिरकी सरकायला लागली, मागची चाकं घासत, धुळीचा पट्टा बांधाकडं वाकला. दादा टाचा रोवून मागं रेलले. लोकांना वाटलं हाच खेळ, ते आणखी ओरडायला लागले. मला दिसत होतं. मुठी सोडा, एवढंच म्हणायचं होतं. पण का सोडायच्या, हे मला एकटीलाच ठाऊक होतं, आणि ते ओरडणं म्हणजे सगळ्या गावापुढं आठ म्हणणं होतं. माझं तोंड उघडलं आणि त्यातून काही आलं नाही. किती वेळ? तीन श्वास, चार श्वास. मग मी किंचाळले, "सोडा! दादा, सोडा!" त्यांनी सोडलंही. मधला शहाण्यासारखा मिटला आणि खाली पडला. पण बांध तोवर जवळ आला होता, गाडी थांबली नाही, आणि दादा उजव्या खांद्यावर दगडांत गेले.

मी पोचले तेव्हा ते शुद्धीत होते. चेहरा राखेसारखा, हात भलत्याच जागेवरून लोंबत होता. जमलेल्या लोकांना तेच समजावत होते, "झुळूक व्हती... पाचाचाच वारा हाय, आत्ता बसंल म्हणलं... म्हणून धरून ऱ्हायलो..." सोडायचं म्हणजे सोडायचं, असं मला दहा वेळा बजावणारा माणूस माझ्या एका शब्दावर विसंबून धरून राहिला होता. त्यांना बाजेवर घालून नेताना आम्ही तिवईजवळून गेलो. दादांनी मान वळवून जमिनीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग डोळे मिटले. मी बाजेचा पाय धरून चालत होते.

सोलापूरला नेलं. हाड सांधलं, पण खांदा सांधला नाही. सोमवार आला आणि गेला. संस्थेनं महिनाभर वाट बघितली, मग शेजारच्या गावच्या माणसाला गाडी दिली. दादांना काट्यावर ठेवलं. निवृत्त होईपर्यंत ते डाव्या हातानं दुधाचे कॅन ढकलत राहिले. दुधाची गाडी दारात आली की ते बाहेर येऊन तिच्या चाकांकडं बघायचे, हवा कमी असेल तर चालवणाऱ्याला सांगायचे. आईनं घरी मला एकदाच विचारलं, "किती व्हती?" मी म्हणाले, "पाच." तिनं माझ्याकडं बघितलं आणि कूस बदलली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही, आणि ती तिवई तिनं मला कधी हात लावू दिली नाही.

दोन महिन्यांनी माझी नेमणूक परंड्याकडं झाली. मी पळाले, दुसरा शब्द नाही. सुट्टीत यायचे ते दोन दिवसांसाठी. दादांच्या घरी ओसरीवर बसायचे, आतल्या खोलीत, त्या दाराकडं, कधी गेले नाही. त्यांनी मला एकदाही काही विचारलं नाही. मीच ठरवायचे, या दिवाळीला सांगू, या उन्हाळ्यात सांगू. शेवटची भेट मागच्या वर्षीची. ओसरीवर दोघंच होतो. दादा खूप वाळले होते. म्हणाले, "सुमे, तुज्याकडं वारा कसा हाय?" मी म्हणाले, "दादा, मला एक सांगायचंय तुमाला..." तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि मी कपबशी हातात घेतली. दादांनी थोडी वाट बघितली. मग बशीत चहा ओतत म्हणाले, "असू दे. निवांत सांग." मला तो निवांतपणा मिळाला नाही. खोटं कशाला बोलू, मी तो शोधलाच नाही.

पुण्यानुमोदन झालं, माणसं पांगली. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, ह्यांची ट्रंक उघडायचीय, आत चला." आता नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं. मी त्या खोलीत पाऊल टाकलं आणि वहिनींनी दार मागं लोटलं. निळी अक्षरं अजून होती. तीन पावलं, पाच पावलं, सात पावलं, त्याच्या म्होरं घरी. पोत्याहून हलकं माणूस, एक पायरी खाली. त्याच्याखाली मी कधी न पाहिलेली एक ओळ होती, वेड्यावाकड्या अक्षरांत, डाव्या हातानं लिहिलेली: 'वारा दोघांनी मोजायचा.'

मी ट्रंकेवर बसले. दादांना ठाऊक होतं. ठाऊक होतं, आणि त्यांनी ते दारावर लिहून ठेवलं होतं, आणि मी चाळीस वर्षं ओसरीवर बसून चहा पीत होते. आता कुणासाठी झाकायचं? मी वहिनींना सगळं सांगितलं. आठवं पाऊल, पायानं पुसलेलं भुसकट, टाचेची रेघ, गिळलेले ते तीन-चार श्वास. सांगताना वर बघायची हिंमत झाली नाही. वहिनींची सगळी जिंदगी त्या खांद्यानं बदलली होती. त्यांनी मला हाकलून दिलं असतं तर मी गेले असते.

वहिनींनी पदरानं दारावरची धूळ पुसली. "म्हाईत हाय मला. दवाखान्यातच बोलले हे. आठव्या पावलावर भुसकट पायानं पुसल्याली खूण हाय म्हणले, पोरीचाच पाय व्हता." मग थांबून म्हणाल्या, "मला लई राग आला वन्सं, खोटं न्हाय सांगत. दोन वर्सं तुमचं नाव काढलं न्हाय म्या. मग पाऊसपाणी झालं, हात जरा हलाया लागला, तर एक दिस हे ब्रश घिऊन बसले आन ही वळ लिवली. म्या म्हणलं, एवढं कशापायी? ती काय आता मोजाया यायची हाय व्हय? तर म्हणले..."

"काय म्हणाले?"

"म्हणले, चूक माजी व्हती. एकट्या पोरीवर सगळा वारा टाकला म्या. एकट्यानं मोजलं की एकट्यालाच वागवावं लागतं."

मी रडले. पदर तोंडात कोंबून, पोरांना शिस्त लावणारी बाई मी, ट्रंकेवर बसून ओक्साबोक्शी रडले. मी ती ओळ वाचली तेव्हा मला वाटलं होतं, ही माझ्यावरची तक्रार आहे.

नंतर कळलं, दादा दर आषाढात बाहेर पडायचे. नुसता धाकटा घ्यायचे, गाडी नाही, डाव्या हातात दोन्ही मुठी. तलाव भरलेला असला तर माळावर जायचे. आणि वहिनींना बरोबर न्यायचे. एकदा ते मोजायचे, एकदा वहिनी. दोघांचा आकडा जुळला तरच दोऱ्या सोडायच्या. कधी जुळला नाही की तिथंच भाकरी खाऊन परत यायचे. नातवालाही त्यांनी हेच शिकवलं म्हणे.

ट्रंकेत वर धाकटा घडी करून ठेवलेला होता, खाली थोरला. मधला नव्हता. त्याची वहिनींनी केव्हाच दुधाच्या कॅनवर घालायची झाकणं शिवली होती. आणि एका कोपऱ्यात कापडी पिशवी, आईचीच, अर्धी भुसकटानं भरलेली. वहिनींनी ती उचलली आणि म्हणाल्या, "चला."

अंगणात संध्याकाळचा वारा सुटला होता. आईमागं वहिनींकडं आलेली तिची तिवई गोठ्याच्या भिंतीला होती. या वयात तिवईवर चढायचं म्हणजे गुडघ्यांची परवानगी लागते. वहिनींनी माझी कंबर धरली, मी वर चढले, हात उंच केला आणि मूठ उघडली. खाली उतरून पावलं टाकली. मग वहिनींनी टाकली, पदर खोचून, ओठ हलवत. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"किती?" त्यांनी विचारलं.

"आठ," मी म्हणाले.

"मला बी आठ," वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं आणि आम्ही दोघी घरात गेलो.